काळी-पिवळी पद्मिनीचं लेगो एमओसी (स्वतःच्या डिझाइनचं मॉडेल): बाजूला फट, हातात छप्पर. शेअर करण्याआधी काय काय तपासू?

आठस्टडी (प्रश्न)

मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी स्टुडिओत (लेगो मॉडेलं रचायचं सॉफ्टवेअर) बनवतोय. रुंदी ८ स्टड (तुकड्यावरचे गोल उंचवटे), लांबी २४, तुकडे साधारण ३४०. रेंडर झकास दिसतोय. खऱ्या ब्रिकमध्ये अर्धी बांधली आणि तीन गोष्टी अडल्या.

१. दरवाज्यांची बाजू आडवी लावली आहे (८७०८७, म्हणजे बाजूला एक स्टड असलेली १×१ ब्रिक, तिच्यावर एक प्लेट, म्हणजे ब्रिकच्या एक तृतीयांश जाडीचा तुकडा, आणि वर टाइल, म्हणजे बिनस्टडची प्लेट). ती पुढच्या मडगार्डच्या रेषेत येत नाही. उभी बारीक पायरी राहते.
२. गाडी वरून उचलली की छप्पर हातात येतं. खांब म्हणजे १×१ ब्रिक एकावर एक.
३. गाडी पद्मिनी वाटत नाही, लांबुळकी वाटते.

फाइल आणि मोफत सूचना रीब्रिकेबलवर (अशी मॉडेलं शेअर करायची साइट) टाकायच्या आहेत. लोक बांधायला बसले की शिव्या घालू नयेत एवढीच अपेक्षा.

---

एलडीयू_वीस

तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण ते चुकलं असेल तर बाकीचं पुन्हा करावं लागणार. पद्मिनीची लांबी सुमारे ३९३० मिमी, रुंदी १४६०, चाकांमधलं अंतर २३४०. तुमची रुंदी ८ स्टड, म्हणजे ६४ मिमी. प्रमाण झालं १:२२.८. त्या हिशेबाने लांबी १७२ मिमी, साडेएकवीस स्टड. चाकांमधलं अंतर १०३ मिमी, म्हणजे १३ स्टड धरा. २४ स्टड म्हणजे तुम्ही खऱ्या गाडीत जवळजवळ अर्धा मीटर घुसवलाय. आणि या गाडीची उंची जवळपास रुंदीइतकीच आहे. जमिनीपासून छपरापर्यंत २० प्लेट (६४ मिमी) भरल्या पाहिजेत. तो उभट, डब्यासारखा तोरा गेला की पद्मिनी गेली.

अंगाची लांबी २० स्टड ठेवा आणि दोन्ही टोकांना ब्रॅकेटवर (काटकोनी तुकडा) एकेक प्लेट उभी लावून बंपर करा. ब्रॅकेटची उभी पाटी १.६ मिमी, प्लेट ३.२, मिळून ४.८. दोन्हीकडचे ९.६ मिमी धरले की एकूण २१.२ स्टड होतात. पुरेसं जवळ.

आता पायरी. ८७०८७ चा बाजूचा स्टड ब्रिकच्या पृष्ठभागावरूनच निघतो. त्यावर प्लेट आणि टाइल म्हणजे ३.२ + ३.२ = ६.४ मिमी. स्टडची जागा ८ मिमी. उरलेले १.६ मिमी म्हणजे तुमची पायरी. ८७०८७ काढा आणि ४४७२८ किंवा ९९२०७ ब्रॅकेट घाला: १.६ + ३.२ + ३.२ = ८.० बरोबर. आतला गाभा ६ स्टड, दोन्ही बाजूंना असा थर, झाले ८. दोन्ही ब्रॅकेटमधला फरक एवढाच की एकाची पाटी खाली जाते, दुसऱ्याची वर. दरवाज्याखाली जागा नसेल तर वर जाणारा घ्या.

उंचीचाही हिशेब ठेवा. आडवी लावलेली प्लेट २ स्टड उंच असेल तर ती १६ मिमी, म्हणजे उभ्या बांधकामातल्या बरोबर ५ प्लेट (एक ब्रिक आणि दोन प्लेट). ४ किंवा ६ प्लेटची जागा सोडलीत तर काळ्या गाडीत ती फट लगेच डोळ्यात भरते, कारण आतला प्रकाश दिसतो. ८७०८७ चा स्टड ब्रिकच्या मध्यावर नसून वरून ४ मिमीवर आहे. त्यामुळे त्यावरची १ स्टड उंच प्लेट वर सपाट बसते आणि खाली १.६ मिमी मोकळं राहतं. हेडलाइटजवळ हे मुद्दाम वापरता येतं.

---

जंपर_प्लेट

छपराचं सांगतो. १×१ ब्रिकच्या खांबात प्रत्येक सांधा एकाच स्टडवर आहे. असे चार खांब असले तरी वरून ओढ बसली की सगळ्यात ढिला सांधा आधी सुटतो आणि मग एकेक करून बाकीचे. मागच्या खांबांना १×१ गोल ब्रिक (३०६२बी, उघड्या स्टडचा) घ्या आणि आतून ३.१८ मिमीची दांडी घाला. दांडीचं खालचं टोक गाडीच्या अंगात जाऊ द्या, नुसतं खांबापुरतं नको. पुढचा खांब तिरका आहे, तिथे गोल ब्रिक चालणार नाही. ३०३७४ ही चार स्टड लांबीची दांडी खाली-वर क्लिपमध्ये धरा. क्लिपमुळे कोन हवा तसा मिळतो, काचेच्या तुकड्याला टेकू मिळतो.

छप्पर दोन थरांत करा, खालच्या प्लेट आडव्या, वरच्या उभ्या. एकाच दिशेच्या दोन थरांचे सांधे एकाखाली एक आले तर छप्पर मधूनच वाकतं.

आतले प्रवासी दिसावेत म्हणून छप्पर काढता यायला हवं असेल तर उलटा विचार: छपराखाली फक्त दोन जंपर (१५५७३, मधोमध एकच स्टड असलेली १×२ प्लेट) आणि बाकी टाइल. तेव्हा मात्र सूचनांच्या पहिल्याच पानावर लिहा की गाडी खालून धरावी.

---

आठस्टडी

२१.२ पटलं, पुन्हा बांधायला घेतली. एक शंका. बोनेटवरच्या पट्टीसाठी दोन स्टडच्या ओळींमधल्या खाचेत उभी प्लेट खोचली आहे. स्टुडिओ काही तक्रार करत नाही.

---

एलडीयू_वीस

काढा. स्टडचा व्यास ४.८, मध्यापासून मध्य ८, म्हणून मधली जागा ३.२. प्लेटही ३.२ जाडीची. गणित तंतोतंत जुळतं, घोळ तिथेच आहे, कारण ढिलाई अजिबात नाही. ब्रिकमध्ये बाजूने जो ०.१ मिमी सोडलेला असतो तो इथे मिळत नाही. प्लेट पाचरीसारखी बसते, स्टडवर ताण राहतो आणि महिनाभराने खालचा तुकडा वाकलेला मिळतो. लेगोच्या डिझायनर जेमी बेरार्डने २००६ च्या ब्रिकफेस्टमध्ये असल्या जोडण्यांवर अख्खं सादरीकरण केलं होतं, लोक अजून त्याचे दाखले देतात. पट्टीसाठी बोनेटवर २४१२बी जाळी-टाइल वापरा, काम भागतं.

स्टुडिओची टक्कर-तपासणी फक्त आकार एकमेकांत घुसले का एवढं बघते. प्लास्टिकला काय वाटतं ते तिला कळत नाही.

---

पान_क्रमांक_एक

काळ्या गाडीच्या सूचना हा वेगळाच ताप. काळ्यावर काळा ठेवला की पानावर नुसता डाग दिसतो, तुकड्याची कड सापडत नाही. इन्स्ट्रक्शन मेकरमध्ये (स्टुडिओतला सूचना बनवायचा भाग) कडांच्या रेषा फिक्या आणि जाड करा, नवे तुकडे रेषेने ठळक होऊ द्या. आणि आतला गाभा काळा ठेवूच नका. जे बाहेरून दिसत नाही ते लाल, निळं, हिरवं, ज्या रंगात तो तुकडा स्वस्त असेल त्यात करा. लेगोच्या संचांतही आत हे भलतेच रंग दिसतात, बांधणाऱ्याला जागा मोजता यावी म्हणून.

एका पायरीत चार-पाच तुकडे, त्याहून जास्त नाही. दरवाजा, छप्पर, पुढची जाळी हे वेगळे उपभाग. डावा दरवाजा दाखवून उजव्याला ‘असंच’ लिहू नका. आरशातला भाग लोक हमखास उलटा बांधतात. उजव्याची वेगळी पायरी टाका.

सगळ्यात जास्त तक्रारी तुकड्यांच्या यादीवर येतात. स्टुडिओत कुठलाही तुकडा कुठल्याही रंगात रंगवता येतो, बाजारात तो असेलच असं नाही. अनुपलब्ध रंग लपवण्याची सोय चालू करून पूर्ण मॉडेल पुन्हा तपासा. नंतर रीब्रिकेबलवर स्टुडिओची .आयओ फाइल चढवली की प्रत्येक तुकडा-रंग जोडीवर बोट ठेवून बघा: किती संचांत आलाय? एकाच संचात असेल तर बदला. भारतातून ब्रिकलिंकवर (सुटे तुकडे विकणाऱ्यांचा ऑनलाइन बाजार) मागवणाऱ्याला तुकड्यांपेक्षा विक्रेत्यांची संख्या महागात पडते. दर विक्रेत्यामागे टपाल वेगळं, वर सीमाशुल्काची टांगती तलवार. ३४० तुकडे ९० प्रकारांत विभागलेले असतील तर ते ६० वर आणा. दोन १×२ च्या जागी एक १×४, तीन जातींच्या टाइलऐवजी दोन, असं.

आणि तांबूस तपकिरी कुठे वापरला असेल (सीट वगैरे) तर क्लिप आणि दांडीसाठी नको. त्या रंगाच्या जुन्या तुकड्यांना तडे जाण्याची खोड आहे.

---

जंपर_प्लेट

टायरचं कुणी बोललं नाही. पद्मिनीचं टायर खरं बारीक आहे, या प्रमाणात रुंदी ६ मिमीच्या आसपास येते. २४ मिमी व्यासाचं, ८ मिमी रुंद घ्या. १४ मिमी रुंद लावलंत तर टॅक्सीची रेसगाडी होते. चाकाची कमान ४ स्टडची ठेवा. ३ स्टड म्हणजे बरोबर २४ मिमी, टायर घासणार.

---

आठस्टडी

टायर बदललं. ब्रॅकेट लावल्यावर पायरी गेली. आता कॅरियर आणि मीटर बाकी. मीटर कुठल्या बाजूला?

---

पान_क्रमांक_एक

डाव्या बाजूला, काचेच्या पुढे, बाहेर. इलेक्ट्रॉनिक मीटर आल्यावर तो आत गेला, त्यामुळे कुठल्या काळातली टॅक्सी करताय ते आधी ठरवा. जुन्या मीटरसाठी ४०७० हेडलाइट ब्रिक, तोंडावर १×१ लाल टाइल, वर क्लिपमध्ये छोटी दांडी म्हणजे झेंडा. दांडी फिरती ठेवा, मीटर पडलेला आणि उभा असे दोन्ही फोटो टाकता येतील.