मदत हवी आहे: शिबोलेथची साइनिंग की बदलताना जुनी कधी काढायची?

नमस्कार मंडळी,

आमच्या कॉलेजचा शिबोलेथ सर्व्हर (कॉलेजच्या लॉगिनने बाहेरच्या साइट्स वापरू देणारी यंत्रणा) मी सांभाळतो. आम्ही इन्फ्लिबनेटच्या (विद्यापीठ-ग्रंथालयांना जोडणारं केंद्र) इन्फेड फेडरेशनमध्ये, म्हणजे एकमेकांच्या लॉगिनवर भरवसा ठेवणाऱ्या संस्था आणि प्रकाशकांच्या गटात आहोत, त्यामुळे मुलं घरूनही कॉलेजच्याच लॉगिनने जर्नल्स वाचतात. आता सर्व्हर बदलतोय, म्हणून साइनिंग कीही (लॉगिनच्या संदेशावर आमची डिजिटल सही करणारी गुप्त की) नवी घ्यायची आहे.

माझ्या समजुतीप्रमाणे आधी मेटाडेटात (फेडरेशन सगळ्यांना देतं त्या फाइलमधली आमच्या सर्व्हरची माहिती) जुनं आणि नवं अशी दोन्ही सर्टिफिकेटं टाकायची; आमची सही त्यांवरूनच तपासली जाते. फेडरेशनने सही केलेली ताजी फाइल सगळ्या प्रकाशकांनी उचलली, की मगच नव्या कीने सही सुरू करायची आणि जुनी शेवटी काढायची. पण मध्ये थांबायचं किती? आधीच्या फाइलची ‘व्हॅलिड अंटिल’ तारीख (फाइल ग्राह्य असण्याची मुदत) उलटेपर्यंत, की ‘कॅश ड्युरेशन’ (फाइल पुन्हा उचलण्याआधी जास्तीत जास्त किती वेळ जवळ ठेवायची तो काळ) पुरेसं?

खरी काळजी एका प्रकाशकाची आहे. ते फेडरेशनची फाइल वाचतच नाहीत, सर्टिफिकेट ईमेलने पाठवा म्हणतात. मग ते आमचंच आहे हे तपासणार कोण? निदान सर्टिफिकेटचा फिंगरप्रिंट (त्याची ओळख पटवणारा अंक-अक्षरांचा छोटा कोड) फोनवर बोलून जुळवून घ्या, असं मी त्यांना सांगणार आहे. याहून चांगला मार्ग आहे का? परीक्षा तोंडावर आल्यात, ऐनवेळी मुलांचं लॉगिन अडायला नको.

कुणी हे केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.