विमानतळावर नावामुळं अडवलंय का कधी? अनुभव सांगा

औरंगपुरावाली: काल भाचीनं अमेरिकेतून फोटो पाठवला, बोर्डिंग पासवर चार एस छापलेले. तिच्याशी बोलता बोलता शेजारचे शेखचाचा आठवले. रिटायर हेडमास्तर, लेकाकडं निघालेले. मधल्या विमानतळावर नाव कुणाशी तरी जुळलं म्हणून बाजूला बसवलं, पुढचं विमान गेलं. चाचींना शुगर, गोळ्या सामानात. आल्यावर चाचा एवढंच म्हणाले, "जिंदगीभर मी हजेरी घेतली, तिथं माझी घेतली." तुमचं सांगा.

मोंढा_नाका: चार एस म्हणजे जादा तपासणी. दरवेळी संशयितांच्या यादीत नाव असतंच असं नाही, कुणालाही निवडतात. ऑनलाइन चेक-इन होईना, काउंटरला या म्हणले की समजायचं. भाचीला म्हणावं घाबरू नको.

परभणीकर_पोरगा: आमचं बी शेखच. अर्ध्या गल्लीची नावं सारखी. दुबईला चाललो की तो स्क्रीनकडं बघतो, मंग माझ्याकडं, मंग परत स्क्रीनकडं. केलेलं काहीच नसतंय तरी घाम फुटतो राव. मी आपला हसतो. भाऊ म्हणतो हसू नको, आणखी संशय येतो 😂

लातूरची_सून: शाहरुख खानला २००९ ला अमेरिकेत न्यूअर्क विमानतळावर बसवून ठेवलं होतं, आपण कोण!

मोंढा_नाका: त्यांचा सिनेटर टेड केनेडी सुद्धा. 'टी. केनेडी' यादीतल्या नावाशी जुळत होतं, २००४ ला त्यानंच सुनावणीत सांगितलं. मंडेला तर नोबेल मिळवून, राष्ट्राध्यक्ष होऊन गेले, तरी नाव काढायला २००८ मध्ये कायदा करावा लागला.

गोदाकाठ: राहिना इब्राहिमचं वाचा. मलेशियाची, स्टॅनफर्डला पीएचडी करायची. २००५ ला सॅन फ्रान्सिस्कोला व्हीलचेअरवर असताना बेड्या घातल्या. एफबीआयच्या माणसानं फॉर्मवर भलत्याच चौकटीत खूण केलेली, त्यानं नाव यादीत गेलेलं, कोर्टानं निकाल दिला २०१४ ला. आपला तलाठी सातबाऱ्यावर चुकला तर चपला झिजतात, पण बेड्या तरी नाही पडत.

तुळजापूर_रोड: ते राहू द्या, चाचींच्या शुगरचं काय झालं?

औरंगपुरावाली: एका मल्याळी नर्सबाईनं बिस्किटं दिली म्हणे. गोळ्या हातातल्या पिशवीतच ठेवत जा रे सगळे.

परभणीकर_पोरगा: ह्याला उपाय हाय का काही?

मोंढा_नाका: अमेरिकेपुरता आहे. होमलँड सिक्युरिटी म्हणजे तिथल्या अंतर्गत सुरक्षा खात्याच्या साइटवर 'ट्रिप' नावाचा अर्ज असतो. नंबर मिळतो, तो तिकीट काढताना टाकायचा. यादीत नाव होतं का नव्हतं, ते मात्र सहसा सांगत नाहीत.

लातूरची_सून: आमच्या मामंजींच्या पासपोर्टात आडनावच नाही. मग व्हिसावर त्यांचंच नाव आडनावाच्या जागी आणि नावाच्या जागी 'एफएनयू', म्हणजे 'फर्स्ट नेम अननोन', नाव माहीत नाही. तिथला माणूस 'मिस्टर एफएनयू' म्हणून हाका मारतोय अन् हे निवांत पेपर वाचत बसलेले 🙈

उमरग्याची_काकू: माझं नाव सुटलं, येसर मसाला अडकला. स्फोटकं हायत का बघायला पुडीवरून पांढरी पट्टी फिरवून मशिनीत घातली. एवढ्यात पुडी फुटली, त्या बाईला शिंकावर शिंका. हात जोडून म्हणाली, जा.

लातूरची_सून: काकू, येसरात धने किती घालता ओ? आमचा कडू झालाय आवंदा.

उमरग्याची_काकू: डाळ करपवली असशील. रात्री सांगते, नळाला पाणी आलंय.