दिवाणखाना लहान वाटतो, नवीन काही न घेता मांडणी कशी बदलावी?

कृष्णाकाठ_सांगली: विश्रामबागेत १० बाय १४ फुटांची खोली. दिवाण, लोखंडी कपाट, शोकेस, टीव्ही, चार खुर्च्या. सगळं भिंतींना लागून आहे, तरी कोंदट वाटतं. सुरुवात कुठून करू?

मोजपट्टी: आधी कागदावर. चौकटीच्या वहीत एक चौकट म्हणजे अर्धा फूट धरा, म्हणजे खोली २० बाय २८ चौकटी. सामानाचे तुकडे त्याच मापाने कापून सरकवत बसा. दारापासून आतल्या खोलीपर्यंत अडीच फूट वाट मोकळी हवीच. कपाटाची दारं उघडायची जागाही धरा, तीच बहुतेकांकडून राहते. टीव्ही खिडकीसमोर नको, काच चमकते. खिडकीच्या काटकोनातली भिंत बघा.

जुनं_लाकूड: कपाट पूर्ण रिकामं करूनच हलवा. पायांखाली ओलं नाही, कोरडं गोणपाट दुमडून घाला आणि दोघांनी खालच्या बाजूला धरून सरकवा. वरून ढकललं तर कलंडतं, फरशीवर ओरखडे पडतात ते वेगळेच. नव्या जागी दार नीट लागेना तर बिजागरीला हात लावू नका; फरशी उंचसखल असते, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारून बघा. पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीपासून तीन इंच तरी सोडा, नाहीतर मागून गंज धरतो.

ताई_मिरज: शोकेसमधलं सगळं काढा, निम्मंच परत लावा. पितळी तांब्या, समई एकत्र, उंच वस्तू मागे. पडद्याला जुनी नऊवारी वापरा, आठ मीटरच्या वर असते; सात फुटी दोन पडदे निघून कापड उरतं. विरलेला भाग आधी उजेडात धरून बघा, तिथेच फाटते.