स्वस्त मिक्सर दुरुस्त करावा की टाकून द्यावा?

सांजवेळ: ५०० वॅटचा मिक्सर काल चालता चालता बंद पडला. आधी काही दिवस तळाच्या फटींतून निळसर ठिणग्या दिसायच्या. दुकानदार उघडूनही न बघता म्हणाला, "स्वस्तातला आहे, नवा घ्या." वॉरंटी नुकतीच संपलीय. भंगारात द्यायला जीव होत नाही. या वस्तूंचं आयुष्य एवढंच असतं का?

जुनाहात: टाकू नका. हेच काम करतो, म्हणून सांगतो. प्लग काढा, गार होऊ द्या, मग उलटा करून तळाचं लाल बटण दाबा. ते ओव्हरलोडचं; मोटरवर फार ताण आला की वीज तोडतं. तरी चालला नाही, तर कार्बन ब्रश, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे कार्बनचे छोटे तुकडे, बघायला सांगा. ठिणग्या म्हटल्यावर माझा पहिला संशय त्यांच्यावरच. ब्रश असतातच झिजायला. आखूड झाले की स्प्रिंगचा दाब पुरत नाही, कम्युटेटरला (फिरत्या भागावरच्या तांब्याच्या कड्याला) नीट टेकत नाहीत आणि एक दिवस मोटर थांबते. जोडी बदलणं अगदी किरकोळ काम आहे. आर्मेचर, म्हणजे मोटरचा तारा गुंडाळलेला फिरता भाग, जळलं असेल तर मात्र स्वस्त मिक्सरवर तो खर्च करू नका.

आणि भांड्याचं बुश, म्हणजे तळाशी पात्याचा दांडा ज्यात फिरतो तो भाग, नक्की तपासा. तिथून झिरपलेलं पाणी थेट मोटरच्या बेअरिंगवर उतरतं. ते गळत राहिलं तर नवी मोटरही जाईल.

दोरीवरचे_कपडे: आमच्या वॉशिंग मशीनचं बेअरिंग गेलंय, पण अख्खा टब बदलायला सांगताहेत. हे खरं असतं का?

जुनाहात: दुर्दैवाने असतं. काही टबांचे दोन भाग कारखान्यातच वितळवून जोडतात. स्क्रूचा टब असेल तर बेअरिंग आणि त्यात पाणी जाऊ न देणारं ऑइल सील तेवढं बदलता येतं. एवढ्याशा बेअरिंगपायी धडधाकट टब फेकायचा, याचा मला मनापासून राग येतो. युरोपीय महासंघात मार्च २०२१ पासून वॉशिंग मशीनचे ठरावीक सुटे भाग, मॉडेल बंद झाल्यावरही किमान १० वर्षं पुरवावे लागतात. पण ड्रम आणि बेअरिंग एकत्रच विकायची मुभा त्यातही आहे!

सांजवेळ: दुसऱ्या कारागिराने ब्रश काढून दाखवले, नखाएवढे उरले होते. नवे घातल्यावर मिक्सर चालला. बुशही गळत होतं, ते बदलायला दिलंय. मनापासून आभार. पुढे कधी नवा घेताना काय बघू?

जुनाहात: खालचं झाकण साध्या स्क्रूने उघडतं का आणि ब्रश, बुश, कपलर (मोटर आणि भांड्याचं पातं जोडणारा तुकडा) सुटे मिळतात का, एवढं विचारा. रबरी कपलर तुटला म्हणून मिक्सरला नावं ठेवू नका. पातं अडकलं तर मोटरऐवजी तो तुटावा, म्हणूनच तो मऊ ठेवलेला असतो.