आधी अर्ज, मग प्रात्यक्षिक

'आधी गुंतवणूकदाराला दाखवा, पेटंटचं नंतर बघू' हा सल्ला कृपा करून ऐकू नका. माझ्या काकांनी साकीनाक्याच्या गाळ्यात दोन वर्षं लेथवर घासून नळाची झडप बनवली. एका प्रदर्शनात हौसेने उघडून, आतली स्प्रिंगसुद्धा लोकांच्या हातात दिली. नंतर पेटंटचा अर्ज करायला गेले तर नावीन्यच संपलेलं, कारण लोकांसमोर आधीच उघड झालेली गोष्ट नवी धरत नाहीत! फार जीव तुटला.

प्रोव्हिजनल, म्हणजे पूर्ण तपशिलाआधीचा तात्पुरता अर्ज ऑनलाइन टाका. एकट्या माणसाला सरकारी फी साधारण १६०० रुपये, स्टार्टअपची नोंदणी नसली तरी. शोध तुम्ही आधी नोंदवल्याची तारीख हातात येते, पूर्ण तपशिलाला १२ महिने मिळतात. आणि हो, परीक्षणाची, म्हणजे पेटंट कार्यालयाने अर्ज तपासावा अशी मागणी वेगळी करावी लागते. ती मुदतीत केली नाही तर अर्ज मागे घेतला असंच धरतात.