मोट्रॉनिक १.३: २८सी२५६ प्रोग्रामरवर पास, ईसीयूत बसवली की गाडी मुकी

देवगड_३२५:
बीएमडब्ल्यू ई३० ३२५आय, ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) मोट्रॉनिक १.३. त्यातली मूळ प्रोग्रामची चिप २७सी२५६ काढून २८ पायांचं सॉकेट बसवलंय. चिप प्रोग्रामरवर, म्हणजे चिप वाचण्या-लिहिण्याच्या यंत्रावर, तीनदा वाचली, तिन्ही फाइली एकसारख्या. तीच फाइल, एक बाइट न बदलता, नव्या एटी२८सी२५६ मध्ये (विजेने पुसून पुन्हा लिहिता येणारी चिप) लिहिली. व्हेरिफाय (लिहिलेलं फाइलशी ताडणं) पास. गाडीत टाकली तर स्टार्टर फिरतो, पण स्पार्क नाही, इंजेक्टर गप्प. मूळ चिप परत टाकली की पहिल्या चावीला चालू. म्हणजे सॉकेटची डाख ठीक असावी. दोन्ही ३२ केबी, दोन्ही २८ पायांच्या. नवी चिप बनावट आहे का?

कुडाळ_बेंच:
चिप चांगली आहे, जागा चुकली. पाय २८ असले तरी सगळ्या पायांवर काम तेच नसतं. २७सी२५६ मध्ये पाय १ म्हणजे व्हीपीपी, चिप लिहितानाचा व्होल्टेज, आणि पाय २७ म्हणजे ए१४, पत्त्याची सर्वांत वरची लाइन. एटी२८सी२५६ मध्ये पाय १ वर ए१४ आणि पाय २७ वर डब्ल्यूई, म्हणजे लिहिण्याचा हुकूम.

आता तुझ्या सॉकेटात काय होतं बघ. बोर्डावर पाय १ बहुधा थेट ५ व्होल्टला बांधलेला असतो, त्यामुळे नव्या चिपचा ए१४ कायम वर, म्हणजे ५ व्होल्टवर. खालचे १६ केबी प्रोसेसरला कधी दिसणारच नाहीत. उलट बोर्डाची खरी ए१४ लाइन जाऊन बसली डब्ल्यूईवर. वाचायचं तर डब्ल्यूई वर असावा लागतो. ८०५१ घराण्यातला प्रोसेसर रिसेटनंतर पत्ता ०००० पासून सुरुवात करतो, तिथे ए१४ खाली, म्हणजे डब्ल्यूई खाली. पहिली सूचनाच हातात पडत नाही, मग स्पार्क कुठून येणार!

आधी मीटर बीपवर ठेवून, चिप काढून, सॉकेटचा १ आणि २८ जोडलेले आहेत का बघ. मग ती २८सी२५६ प्रोग्रामरवर पुन्हा वाच आणि मूळ फाइलशी ताड.

रत्नागिरी_डाख:
सॉफ्टवेअर डेटा प्रोटेक्शन चालू करून लिही, मग ईसीयू तिच्यावर काही लिहू शकणार नाही.

कुडाळ_बेंच:
लिहिणं थांबेल रे, पण वाचणं सुरू होणार नाही. मुळातला गोंधळ पत्त्याच्या लाइनचा आहे.

देवगड_३२५:
१ आणि २८ मध्ये बीप येतो. चिप पुन्हा वाचली: ०००० ते ३एफएफएफ जसंच्या तसं, ४००० च्या पुढे मात्र बरेच बाइट बदललेत.

कुडाळ_बेंच:
बरोब्बर. ए१४ कायम वर म्हणून जे काही लिहिलं गेलं ते वरच्या अर्ध्यातच पडलं. ओई, म्हणजे वाचण्याच्या हुकुमाचा पाय, वर असताना डब्ल्यूई खाली गेला की बसवर त्या क्षणी जे असेल ते ही चिप गिळते.

हीच चिप वापरायची असेल तर मध्ये आणखी एक सॉकेट घाल आणि त्याचे १ व २७ हे पाय बाहेर वाकव. चिपच्या पाय १ पासून बारीक वायर बोर्डाच्या सॉकेटच्या २७ व्या भोकात. चिपचा पाय २७ तिच्याच २८ ला. बोर्डाचं १ नंबरचं भोक रिकामं. वायर आखूड ठेव. पाय १४ ते २८ मध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर टाक. झाकणाखाली उंची मावते का ते आधी मोज, दोन सॉकेट एकावर एक झाले की झाकण चिपला दाबतं.

सावंतवाडी_चिप:
एवढा खटाटोप कशाला? डब्ल्यू२७सी५१२ घे, ६४ केबीची चिप. विजेने पुसली जाते, यूव्ही दिवा नको, वायर नको. तिचा पाय १ म्हणजे ए१५. तो तुझ्या बोर्डात वर बांधलेला, म्हणून फक्त वरचे ३२ केबी वाचले जातील. तरी फाइल दोनदा लिही, एकदा ०००० पासून, एकदा ८००० पासून, म्हणजे ए१५ कसाही असो, चालेल. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जुन्या काढलेल्या चिपा वरचं नाव घासून नव्या म्हणून विकतात, म्हणून आधी आयडी (चिपच्या आतला ओळख-क्रमांक) वाच: डीए ०८ यायला हवा. न पुसता लिहायला गेलास की व्हेरिफाय फसतो, तेव्हा चिपला दोष देऊ नकोस.

मूळ चिप यूव्हीने पुसली जाते, म्हणून तिच्या काचेवर काळी चिकटपट्टी लाव. उघड्या काचेवर थेट ऊन आठवडाभर पडलं तरी डेटा जाऊ शकतो.

रत्नागिरी_डाख:
बरं, ते प्रोटेक्शनचं मागे घेतो. सॉकेटबद्दल मात्र ऐक. आपल्या खाऱ्या हवेत पत्रीच्या पायांचं स्वस्त सॉकेट दोन पावसाळ्यांत कळकतं, आणि मग गाडी कधी चालू, कधी नाही. खरादी केलेल्या गोल पायांचंच घे. नव्या चिपचे पाय फाकलेले असतात, टेबलावर कडेने दाबून सरळ कर, नाहीतर एखादा पोटाखाली दुमडतो आणि वरून बसल्यासारखा दिसतो. खाच बघूनच बसव, उलटी बसली की गेली. चिप आणि सॉकेटला मिळून एक नायलॉनची पट्टी आवळ, खड्ड्यांनी चिप वर सरकते.

डाखीचा फ्लक्स आयसोप्रोपिलने धुऊन बोर्ड गरम हवेत नीट वाळव, मगच ओल रोखणारं कोटिंग मार. कोटिंगच्या आधी सॉकेट कॅप्टॉन टेपने झाक, ते द्रव कडेने आत शोषलं जातं. आंबूस वासाचं सिलिकॉन झाकणाला लावू नकोस, त्यातल्या ॲसिटिक ॲसिडने तांबं हिरवं पडतं. सुट्या भागांसाठी दुसरा ईसीयू घेतलास तर चिपखाली गाळाची रेष आहे का बघ. २०२१ च्या चिपळूणच्या पुरात बुडालेला माल अजून फिरत असू शकतो.

देवगड_३२५:
डब्ल्यू२७सी५१२ मागवतो. बॅटरी काढून मगच ५५ पिनचा प्लग सोडवायचा ना?

सावंतवाडी_चिप:
हो, आधी निगेटिव्ह. आणि मूळ फाइलची एक प्रत दुसरीकडे ठेव.