मदत हवी: कोपेनच्या शीटमध्ये ‘स्टेप’, बायोमच्या नकाशात झुडूपवन

उन्हाळपक्षी: कोपेन वर्गीकरणाची (तापमान आणि पावसावरून हवामानाचे वर्ग) स्प्रेडशीट केली आहे. एका ठिकाणचं सरासरी तापमान १६.२ अंश, वर्षाचा पाऊस ५१५ मिमी. उत्तर येतंय ‘बीएसके’, म्हणजे थंड स्टेप (निमकोरडं हवामान). बायोमच्या (वनस्पतींच्या मोठ्या पट्ट्यांच्या) नकाशात तिथे भूमध्यसागरी झुडूपवन आहे. सूत्र बरोबर आहे, ते तपासलंय. उद्या तक्ता द्यायचाय, लवकर सांगा.

मोजपट्टी: महिनेवार आकडे कुठे आहेत? नुसत्या बेरजेवर कोपेन चालत नाही. कोरडेपणाची मर्यादा = सरासरी तापमान × २०. त्यात ७०% पाऊस उन्हाळी सहामाहीत असेल तर २८० मिळवा, हिवाळीत असेल तर काही नको, दोन्ही नसेल तर १४०. पाऊस याच्या खाली गेला की ‘बी’ (कोरड्या हवामानाचा गट), निम्म्याच्याही खाली गेला की वाळवंट.

उन्हाळपक्षी: अहो, ते घातलंय. एप्रिल ते सप्टेंबर ४०२ मिमी, म्हणजे ७८%. म्हणून २८०. मर्यादा ६०४ आली.

दोनअक्ष: कोपेन कशाला हवं? व्हिटेकरचा आलेख घ्या, सरासरी तापमान आणि वर्षाच्या पावसावरून बायोम सांगणारा. १६ अंश आणि ५२ सेमी म्हणजे सरळ झुडूपवन-विरळ वनाच्या पट्ट्यात. दोन आकडे, काम संपलं.

मोजपट्टी: व्हिटेकरला ऋतू दिसत नाहीत. हेच दोन आकडे आणि पाऊस उन्हाळ्यात, तर तिथे गवताळ प्रदेशही असू शकतो. @उन्हाळपक्षी, ठिकाण कोणतं?

उन्हाळपक्षी: ठिकाणाचा काय संबंध? आकडे दिलेत ना. केप टाउन.

मोजपट्टी: झालं! दक्षिण गोलार्ध. तिथे एप्रिल-सप्टेंबर हिवाळा. २८० काढा, मर्यादा ३२४. पाऊस त्याच्या वर, म्हणजे ‘बी’ नाहीच. शीटमध्ये महिने ठोकून बसवू नका. दोन्ही सहामाहींचं सरासरी तापमान काढा, जी जास्त उबदार ती उन्हाळी. मग अक्षांशही लागत नाही.

रोपवाला: प्रोटिआ (तिकडचं फुलझाड) लावायचा असेल तर बी शरद ऋतूत पेरा. भरड वाळू हवी, पाणी साचता कामा नये, रात्री ८-१० अंशांपर्यंत गारवा हवा. फॉस्फरसचं खत अजिबात नको. या झाडांची मुळं निकस मातीला सरावलेली, मिळेल तेवढा फॉस्फरस ओढतात आणि पानं करपतात.

दोनअक्ष: लागवडीचं कोणी विचारलंय?

खडकपाला: अवांतर वाटेल, पण नकाशाशी तुलना करताना माती विसरू नका. तिथे वालुकाश्मावरच्या निकस मातीत फाइनबॉस, शेलवरच्या मातीत रेनोस्टरफेल्ड, ही दोन वेगळी झुडूपवनं. आग पोचत नाही अशा घळींत चक्क जंगल. हवामान जवळपास तेच. कोपेन हवामानाचा वर्ग सांगतो, वनस्पती नाही.

उन्हाळपक्षी: आता ‘सीएस’ (समशीतोष्ण, ‘एस’ म्हणजे कोरडा उन्हाळा) आलं. पुढचं छोटं अक्षर (उन्हाळा किती गरम ते) ए की बी?

मोजपट्टी: सर्वांत उष्ण महिना?

उन्हाळपक्षी: २०.४.

मोजपट्टी: २२ च्या खाली आणि किमान चार महिने १० च्या वर, म्हणून छोटा ‘बी’. सीएसबी. ‘एस’ही तपासा: उन्हाळ्यातला सर्वांत कोरडा महिना ४० मिमीच्या खाली (काही जण ३० धरतात) आणि हिवाळ्यातल्या सर्वांत ओल्या महिन्याच्या एक-तृतीयांशापेक्षा कमी हवा.

उन्हाळपक्षी: नोव्हेंबर १४, जून ९३. बसतंय. पण वॉल्टर आलेखात (महिनेवार तापमान आणि पाऊस एकत्र दाखवणाऱ्या) ऑक्टोबर कोरडा दिसतोय, पाऊस ३० असून.

मोजपट्टी: तापमान १५.६ ना? दुप्पट ३१.२. पाऊस त्याहून कमी, म्हणजे काठावरचा का होईना, कोरडाच. आणि आलेख जुलैपासून सुरू करा, दक्षिणेकडच्या ठिकाणांचा तसाच काढतात. नाहीतर कोरडा काळ दोन टोकांना फाटलेला दिसेल.